माळ्यावरची अक्षरं

फाम शुनमोईला शाकथाम गावात नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. लहान पोरं तिला आ-पो म्हणायची, म्हणजे आजी. साठी-सत्तरीचे बाप्ये शुन-सो म्हणायचे, म्हणजे शुन वहिनी. हे बाप्ये काही तिच्या दिराचे सोबती नव्हते. डोंगरातल्या वस्त्यांवरून शेतकी शाळेत शिकायला आलेली, वसतिगृहात राहिलेली आणि तिच्या हातचा रताळं घातलेला भात खाऊन मिशा फुटलेली ही पोरं. छत्तीस वर्षं शुनमोईनं त्या वसतिगृहाची चूल पेटवली. एवढी वर्षं शाळेच्या आवारात काढून ती वर्गाच्या आत एकदाच गेली होती, तीही आत शिरलेली कोंबडी हाकलायला.

तिला चार वर्षांची असताना आईबापानं फामांच्या घरी दिली. तिकडं तशी रीतच होती. सून लहानपणीच आणायची, घरात पोसायची, डुकरांना पाला घालायला लावायची आणि वयात आली की घरातल्याच पोराशी लावून द्यायची. ज्या पोराचं नाक शुनमोईनं बारा वर्षं पुसलं, त्याच्याशीच तिचं लग्न झालं. "नवरा कसा हाय?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "नवरा न्हाई, धाकटा भाऊच त्यो. फकस्त जरा दारू पितो." तो चहाच्या कारखान्यात भट्टीपाशी होता. धुरानं छाती गेली आणि तिसाव्या वर्षी माणूसही गेला. पदरी दोन पोरं. शुनमोई तेव्हा शाळेच्या चुलीपाशी लागली ती केस पांढरे झाल्यावरच उठली.

पुढं शाळा खाली सपाटीवर गेली, वसतिगृह ओस पडलं. जपानी अमदानीत बांधलेली ती लांबलचक लाकडी इमारत, काळ्या कौलांची. वीस वर्षं तिच्यात वटवाघळं सुखानं राहिली. मग सरकारला एकदम जाग आली आणि तिथं हाक्का, म्हणजे या गावच्याच लोकांच्या संस्कृतीचं संग्रहालय करायचं ठरलं. शुनमोईला हे कळलं तेव्हा ती अंगणात पर्सिमनची फळं सोलत बसली होती. चाकू न थांबवता म्हणाली, "आमच्या घरात जे अडगळीत पडलंय ते बघाया लोकं गाड्या करून येणार? येऊ द्या. पर चहा कोन देनार त्यास्नी?"

संग्रहालय लावायला शहरातून एक पोरगी आली. ल्याओ मिनयी तिचं नाव. रक्तानं हाक्काच, पण आईबाप शहरात राहिलेले. आजीकडून कानावर पडलेली बोली तिला पुरती कळायची, जिभेवर मात्र यायची नाही. ती आपली सरकारी भाषेत बोलायची. शुनमोईचं बरोबर उलटं. सरकारी भाषा तिला कळायची, पण ती तोंडातून काढायला ती तयार नव्हती. त्यामुळं दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि भांडण मात्र अगदी चोख व्हायचं.

पहिलं भांडण बाटल्यांवरून झालं. मिनयीनं गावातून खारवलेल्या मोहरीच्या पाल्याच्या बाटल्या गोळा केल्या, स्वच्छ पुसल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि फळीवर ओळीनं उभ्या केल्या. शुनमोई बघायला आली आणि आल्या आल्या एकेक बाटली उचलून बुडावर होती ती तोंडावर पालथी करायला लागली.

"आ-पो, अहो काय करताय? चिठ्ठ्या उलट्या होतील!"

"चिठ्ठी उलटी व्हईल, पाला तर सडणार न्हाई! बाटली पालथीच ठिवत्यात. खारं पानी खाली झिरपतं, वारा आत जात न्हाई. उभी ठिवलीस तर आठ दिवसात अशी घाण सुटंल, की संस्कृती बघाया आलेली मानसं नाक धरून पळतील."

मिनयीनं चिठ्ठ्या काढून उलट्या लावल्या. त्या दिवसापासून ती शुनमोईला विचारल्याशिवाय सूपसुद्धा भिंतीला टांगेनाशी झाली. म्हातारी रोज सकाळी यायची, खुर्चीत बसायची, हे असं न्हाई, ते तसं न्हाई म्हणायची आणि दुपारी जेवायला घरी जायची. बरं चाललं होतं.

बिघडलं ते सुताराच्या एका वाक्यानं. नवव्या महिन्याचा कोरडा वारा सुटला होता. इमारतीची डागडुजी करणारा सुतार शिडीवरून उतरता उतरता म्हणाला, "स्वैपाकघराच्या आढ्याला वाळवी लागलीया. बुधवारी माळा उघडतो."

शुनमोईच्या हातातल्या वाटीतला चहा सांडला.

"लागलं का?" मिनयीनं विचारलं.

"न्हाई. वारं लई सुटलंय," शुनमोई म्हणाली आणि त्या दिवशी जेवणाची वेळ व्हायच्या आधीच घरी गेली.

त्या माळ्यावर तिची चोरी होती. चोरी म्हणजे कुणाचं काही उचललं होतं अशातली नव्हे. जे करायचं ते केलं नव्हतं, अशातली.

शाकथाममध्ये पूर्वी अक्षर लिहिलेला कागद कुणी फेकत नसे. त्यात मासळी बांधत नसत, त्यानं चूल पेटवत नसत, ढुंगण पुसायची तर गोष्टच सोडा. अक्षरावर पाय पडला तर डोळे जातात, नातवंडं मठ्ठ निपजतात, असं शुनमोईची सासू सांगायची. तर असे कागद टोपलीत साठवायचे. दर प्रतिपदेला आणि पुनवेला चुङ आडनावाचा एक म्हातारा खांद्यावर कावड आणि हातात चिमटा घेऊन यायचा, टोपल्या रित्या करून न्यायचा आणि देवळाच्या कोपऱ्यावरच्या विटांच्या अक्षरभट्टीत हात जोडून जाळायचा. राख नदीला. तेवढं झालं की अक्षरं आली तिथं परत गेली.

शुनमोईला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. त्यामुळं कुठला कागद कामाचा, कुठला बिनकामाचा, हा प्रश्नच तिच्यापुढं नव्हता. शाई दिसली की टोपलीत. पोरांनी फाडलेली पत्रं, चुकलेली गणितं, शिक्षा म्हणून पन्नासदा लिहिलेल्या ओळी. चुलीला ती डोंगरातला वाळका नेचा लावायची. एकदा नवीन आलेल्या एका मास्तरानं वही फाडून चूल पेटवून दाखवली, तर तिनं त्याला त्या दिवशी भातच वाढला नाही.

मग एका वर्षी चुङ म्हातारा मेला. त्याच वर्षी रस्ता रुंद झाला आणि अक्षरभट्टी गेली. देवळाची मंडळी म्हणाली, पुढच्या महिन्यात नवी बांधू. शुनमोईनं महिनाभरासाठी कागद पोत्यात भरले आणि चुलीवरच्या माळ्यात सारले. तो महिना काही उजाडला नाही. पोती मात्र वाढली. पोती कसली, तर परदेशातून मदत म्हणून यायचं त्या पिठाची. त्यांच्यावरही अक्षरं छापलेली, म्हणून त्यांचं पोतेरं करायचं तिचं धाडस झालं नव्हतं. परकी असली म्हणून काय झालं, अक्षर ते अक्षर. पलीकडच्या खोऱ्यात एक भट्टी शाबूत होती. पण तिथं न्यावं तर लोक विचारणार, एवढी वर्षं कुठं ठेवलं होतंस? जितकी वर्षं गेली तितकी लाज वाढली. नोकरी सुटली, वसतिगृहाला कुलूप लागलं, सात पोती वरच राहिली.

आणि राहिली कुठं, तर चूलदेवाच्या चित्राच्या बरोबर वर. हा देव वर्षाच्या शेवटी स्वर्गात जाऊन घरातलं सगळं सांगतो. त्यानं गोड बोलावं म्हणून त्याच्या तोंडाला चिकट साखर लावतात. गावातल्या बायका बोटभर लावायच्या, शुनमोई ओंजळभर लावायची. तरी त्यानं सांगितलंच असणार, अशी तिची खात्री होती. नाहीतर तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू का आला असता, आणि नातू सर्वेअरच्या परीक्षेत तीनदा का आपटला असता? मरायच्या आधी ती पोती रीतसर जाळायची, एवढी एकच गोष्ट तिच्या मनात घोळत होती. आणि आता बुधवारी माळा उघडणार.

मंगळवारी दुपारी सुतार जेवायला गेल्यावर शुनमोई हातगाडी ढकलत आली. गाडीवर वाळवलेल्या पर्सिमननं भरलेलं सूप, म्हणजे कुणी विचारलं तर फळं द्यायला आले म्हणायला बरं. स्वयंपाकघरात शिरली. भाजी चिरायच्या बाकावर स्टूल ठेवलं, वर चढायचा विचार केला, मग स्वतःच्या गुडघ्यांचा विचार केला आणि खालूनच बांबूनं माळ्याची सुटी फळी ढोसली. फळी सरकली. एक पोतं कडेला आलं. आणखी एकदा ढोसल्यावर ते आलं ते थेट खाली, वाटेत फाटून. काजळी, उंदरांची घरटी आणि कागद, कागद, कागद. स्वयंपाकघरात नुसता कागदांचा पाऊस.

आवाज ऐकून मिनयी पळत आली. "आ-पो! तुम्हाला लागलं का?"

"पाय! पाय उचल आदी! अक्षरावर हुबी ऱ्हायलीस, डोळं फुटायचं हायत का?"

मिनयीनं एक पाय उचलला. दुसरा ठेवायला मोकळी जागा नव्हती. ती बगळ्यासारखी तशीच उभी राहिली आणि वाकून तिनं एक कागद उचलला. वाचला. दुसरा वाचला. तिचा चेहरा असा उजळला, की शुनमोईला वाटलं, पोरीला काहीतरी बाधलं.

"आ-पो, ही कुठून आली? अहो, शाळा हलली तेव्हा सगळी कपाटं ट्रकमधून कुठं गेली ते कुणालाच सांगता येत नाही. या वसतिगृहातल्या मुलांचा आमच्याकडे एकही कागद नाही. एकही! मी दोन वर्षं शोधतेय. आणि तुम्ही हे सगळं जपून ठेवलंत!"

"जपलं न्हाई," शुनमोई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "जाळायचं ऱ्हायलं."

"जाळायचं?"

"व्हय. ऱ्हायलं माझ्याकडनं. आता न्हेते आन जाळते."

"अहो, हे काचेच्या कपाटात ठेवायला हवं!"

"पोरांनी फाडून टाकलेलं काचंत? त्यांनी कशापायी फाडलं? कुनी बगू नये म्हनून. आन तू चारचौघांत मांडणार? तुझं फाडलेलं कुनी चिकटवून भितीला लावलं तर चालंल का तुला?"

 मिनयीला एकदम कायदा सुचला. "इमारतीत जे सापडेल ते संग्रहालयाचं असतं, आ-पो. माझ्या हातात नाही."

"असं का," म्हणून शुनमोईनं बांबूनं आणखी एक पोतं पाडलं आणि त्यावर बसली. "मंग मला बी काचंत ठिव. मी बी इमारतीतच सापडले."

सुतार आणि त्याचे गडी जेवून आले. म्हातारी उठेना. त्यांनी तिच्या आजूबाजूनं काम सुरू केलं. उरलेली पाच पोती उतरवून त्यांनी तिच्याभोवती रचली, तर ती किल्ल्यात बसल्यासारखी दिसायला लागली. मिनयीनं चहा आणून दिला, तो तिनं घेतला. भांडण आपल्या जागी आणि चहा आपल्या जागी.

शेवटी मिनयीनं वुन किमलोईला फोन लावला. हा निवृत्त मास्तर. संग्रहालयाच्या ओसरीवर दर शनिवारी गावातल्या पोरांना हाक्का बोली शिकवायचा. आणि कधीकाळी याच वसतिगृहात राहिलेला, शुनमोईच्या हाताखालून गेलेला. तो स्कूटरवरून आला, हेल्मेट काढलं आणि हसायला लागला.

"शुन-सो, ह्ये काय? अंडी उबवाय बसलीस का?"

"दात काढू नगं. ह्या पोरीला सांग, अक्षरं जाळत्यात म्हनून. तू मास्तर हायस, तुझं ऐकंल ती."

"बगू तरी काय हाय," म्हणून तो खाली बसला आणि चष्मा लावून कागद वाचायला लागला. शुनमोईला वाचून दाखवायलाही लागला. कुणीतरी आईला लिहिलं होतं, की इथं मटण महिन्यातून दोनदाच मिळतं आणि तेही मास्तरांच्या ताटातून उरलेलं. "खोटारडं!" शुनमोई ओरडली. "म्या आदी पोरांस्नी वाढायची." एकानं शंभर वेळा लिहिलं होतं, मी मुख्याध्यापकांच्या झाडाचे पेरू चोरणार नाही. शंभराव्या ओळीखाली बारीक अक्षरात होतं, संपलेच आहेत. मिनयी पोट धरून हसत होती. शुनमोईही हसली. आपल्या डोक्यावर एवढी वर्षं हे असलं काही होतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

मग किमलोईच्या हाताला एक कागद आला. इकडं तिकडं बघून त्यानं तो घडी करून सदऱ्याच्या खिशात सारला.

"किमलोई," शुनमोई म्हणाली, "खिशात काय घातलंस?"

"काय न्हाई, सो."

"छत्तीस वर्सं पोरांच्या खिशातनं रताळी काढलीत म्या. काड भाईर."

सहासष्ट वर्षांच्या मास्तरानं मुकाट कागद काढून दिला. तिला काय वाचता येणार. तिनं तो मिनयीला दिला. मिनयीनं मोठ्यानं वाचलं, "मी बोली बोलणार नाही. मी राष्ट्रभाषा बोलेन. मी बोली बोलणार नाही. मी राष्ट्रभाषा..." पन्नास ओळी, आणि खाली नाव: वुन किमलोई.

"गुरुजी!" मिनयी उभीच राहिली. "अहो, हा तर दारात लावण्यासारखा कागद आहे. ज्याला बोली बोलल्याबद्दल शिक्षा झाली तोच आज बोली शिकवतो!"

"जाळा त्यो," किमलोई म्हणाला.

"पण का? तुमचा काय दोष यात?"

किमलोईनं चष्मा काढून पुसला. "मला शिक्षा झाली, त्यात माझा दोष न्हाई. पर फुडं म्या मास्तर झालो. अकरा वर्सं म्या बी पोरांकडनं ह्येच लिव्हून घेतलं. 'मी बोली बोललो' अशी पाटी करून गळ्यात अडकवायचो. पाटी म्याच रंगवल्याली, झ्याक अक्षरात. त्यातली दोन पोरं आता आपल्या नातवंडांस्नी शनवारी माझ्याकडं धाडत्यात, बोली शिकाय. आता तू सांग पोरी, ह्यो कागद दारात लावून तू लोकांस्नी काय सांगनार?"

 सुतारानं रंधा थांबवला.

शुनमोई पोत्यावरून उठली. गुडघे कडकडले. "ऐक," ती मिनयीला म्हणाली, "माझं एक ठरलं. ज्याचं अक्षर, त्याची मर्जी. ज्यानं लिव्हलं त्याला बोलवायचं. जाळ म्हनला तर जाळायचं, ठिव म्हनला तर तू ठिव, काचंत ठिव न्हाईतर सोन्यात मडव."

"आणि जे वारले त्यांचं?"

"त्यांचं त्यांच्यामागं धाडायचं. जाळायचं."

"आणि ज्यांचा पत्ताच लागणार नाही त्यांचं?"

शुनमोईनं विचार केला. "त्ये तुझं. जिता असंल तर येऊन मागंल. पर जाळायचं त्ये चुलीत न्हाई, सांगून ठिवते. पोरांच्या अक्षरावर मी डुकराचं मटन शिजवनार न्हाई. भट्टी पायजे. विटांची. रीतसर."

मिनयीनं वर विचारलं. वरच्या साहेबांना कागद जाळण्याची गोष्ट काही पटली नाही, पण अक्षरभट्टी म्हटल्यावर ते खूश झाले. संग्रहालयाच्या अंगणात एक परंपरागत भट्टी असली तर बरीच की. तिच्यात खरोखर काही जाळणार, हे त्यांच्या नीट ध्यानात आलं नसावं. मिनयीनंही ते फार उलगडून सांगितलं नाही. सपाटीवरच्या गवंड्यानं महिन्याभरात कमरेला येईल एवढी भट्टी बांधली, वर चिमुकली कौलं. शुनमोईनं तिची मापं चुङ म्हाताऱ्याच्या आठवणीवरून हातानं दाखवली.

दिवस ठरला तो वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाचा, तांदळाच्या पिठाच्या गोळ्यांचं सार करतात त्या सणाचा. एकेचाळीस म्हातारे आले, कुणी काठी टेकत, कुणी पोराच्या गाडीतून. मिनयीनं आणि किमलोईनं महिनाभर खपून कागद नावावार लावले होते. अग्निशामक दलाचा एक माणूस बादली घेऊन भट्टीशेजारी उभा होता. आतली चूल त्या दिवसापुरती पेटवायची परवानगी मिळाली होती. शुनमोईनं वाळका नेचा लावला आणि वीस वर्षांनी पहिल्यांदा तिथं धूर झाला. चूलदेवाकडं बघून ती पुटपुटली, "बग आता. आन वर जाऊन नीट सांग."

अंगणात नुसता कल्ला होता. पिढीजात चहाच्या मळ्याचा मालक असलेल्या एका म्हाताऱ्याला अंकगणितात सहा गुण पडल्याचा कागद मिळाला. तो चिरंजीवांपासून लपवायला गेला, तर चिरंजीवांनी तो हिसकावून मिनयीच्या हातात दिला. "ह्यो ठिवायचा! मला लहानपनी ह्यानंच बदडला होता, नऊ पडलं म्हनून!" दुसऱ्या एकाला चहा तोडणाऱ्या पोरीला लिहिलेलं आणि न पाठवलेलं पत्र मिळालं. त्याची बायको शेजारीच उभी होती.

"जाळा, जाळा, ह्ये आदी जाळा," तो म्हणाला.

"थांबा," बायको म्हणाली, "घाई काय? नाव तर वाचू द्या. तांगी? कोन वो ही तांगी?"

"पन्नास वर्सं झाली त्याला!"

"पन्नास वर्सं झाली तरी तुमचं कान लाल झाल्यात."

पत्र जळलं, पण त्याआधी तिनं ते पुरतं वाचलं, आणि परतीच्या वाटेवर नवऱ्याचं काय झालं ते आपल्याला माहीत नाही.

वारलेल्यांची पुडकी शुनमोईनं स्वतः टाकली. चिमट्यानं एकेक. किमलोई नाव वाचायचा, आणि ती प्रत्येकाचं काहीतरी सांगायची: ह्यो दोन वाट्या भात जादा खायचा, ह्याला मोहरीचा पाला आवडायचा न्हाई, ह्यो रातचा आईच्या नावानं रडायचा, पर सकाळी म्हनायचा सर्दी झालीया. पोरांची अक्षरं धूर होऊन काळ्या कौलांवरून निघून गेली. पिठाची पोतीसुद्धा घडी करून आत गेली.

किमलोई शेवटी राहिला. तो आपला कागद घेऊन भट्टीपाशी आला. शुनमोईनं चिमटा पुढं केला.

"टाक."

त्यानं हात पुढं केला, पण कागद सोडला नाही.  मग वळला आणि मिनयीकडं गेला.

"ठिव ह्यो," तो म्हणाला. "पर दोन अटी हायत. नाव झाकायचं न्हाई. आन खाली लिव्हायचं, की ह्याच पोरानं फुडं मास्तर होऊन अकरा वर्सं पोरांच्या गळ्यात पाटी अडकवली. तेवढं लिव्हनार असशील तर दारात लाव."

"लिहीन, गुरुजी," मिनयी म्हणाली.

शुनमोईनं चिमटा खाली ठेवला. "झालं? मंग वाढू का आता? सार गार व्हाया लागलंय. आन किमलोई, तुला गोळं कमीच, लहानपनी बी तू दुसऱ्याच्या वाटीतलं पळवायचास."

दुपारी राख टोपल्यांत भरून कावडीला टांगली आणि किमलोईनं ती नदीपर्यंत नेली. शुनमोई मागून काठी टेकत गेली. पाणी कमी होतं. राख दगडांना वळसे घालत हळूहळू खाली गेली. ती पुरती दिसेनाशी होईपर्यंत शुनमोई थांबली आणि मग म्हणाली, "चला. माझं पाय गार पडलं."

पुढं तिनं डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि डोळा स्वच्छ झाला. नातू चौथ्यांदा परीक्षेला बसला आणि चौथ्यांदा आपटला. त्यावर ती एवढंच म्हणाली, "त्याचं डोस्कंच तसलं. उगाच म्या एवढी वर्सं अक्षरांस्नी बोल लावला."

संग्रहालय उघडलं. दारात काचेआड किमलोईचा कागद आहे, खाली त्यानं सांगितलेली ओळ. शनिवारी बोलीच्या वर्गाला येणारी पोरं तो वाचतात आणि त्याला विचारतात, "गुरुजी, तुमी खरंच?" तो म्हणतो, "खरंच," आणि मग धडा सुरू होतो. मोहरीच्या बाटल्या पालथ्या आहेत, चिठ्ठ्या सुलट आहेत.

आणि दर प्रतिपदेला आणि पुनवेला शुनमोई बांबूची टोपली आणि चिमटा घेऊन येते. पाहुण्यांनी अंगणात टाकलेली माहितीपत्रकं, तिकिटांचे तुकडे, कुण्या पोराची चिकटपट्टी लागलेली वही, सगळं ती चिमट्यानं उचलते. पाहुण्यांना वाटतं, हाही संग्रहालयातलाच एक कार्यक्रम आहे, आणि ते तिचे फोटो काढतात. ती काढू देते. टोपली भरली की मात्र थेट भट्टीकडं जात नाही. आधी मिनयीच्या टेबलापाशी येते आणि टोपली दाणकन ठेवते. ज्याचं अक्षर, त्याची मर्जी असं ठरल्यापासून ती विचारल्याशिवाय काही जाळत नाही.

"बग गं. काय ठिवायचं, काय जाळायचं?"

परवाच्या पुनवेला मिनयीनं टोपली उपसून बोलीची वाक्यं गिरवलेला एक चुरगळलेला कागद बाजूला काढला आणि म्हणाली, "आ-पो, बाकीचं समदं जाळा. पर ह्यो ऱ्हाऊ द्या, माझा हाय."

सरकारी भाषा सोडून ती पहिल्यांदाच अशी बोलली होती. 

"बोलाय लागली म्हनायची," शुनमोई म्हणाली. "निम्मं कच्चं हाय अजून, न शिजलेल्या रताळ्यावानी. बोल, बोल. व्हईल मऊ." आणि टोपली उचलून भट्टीकडं गेली.